माझ्याच मांडीवर वाढलेला याव

मित्रांनो, संगणकावर तुम्ही एखादे फोल्डर उघडता, तेव्हा ते उघडून देणारा कोणीतरी आत बसलेला असतो. तो मी. मी एक जुना फाइल मॅनेजर आहे. माझे आयुष्य कुमासी शहराच्या आदुम भागात, पोमा मावशींच्या छापखान्यात गेले. तिथे अंत्यविधीची पोस्टरे छापतात. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा मोठा फोटो चौकात लागतो आणि शनिवारी सगळे लोक काळे-तांबडे कापड नेसून जमतात.

गेलेल्या माणसांचे चेहरे मी सांभाळले. मागितला तो फोटो काढून दिला. मावशी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, की आमच्या यंत्रात काही हरवत नाही. ते ऐकून मी फुगून जाई.

माझ्यात एक खोड होती. प्रत्येक फोल्डरसाठी मी वेगळी खिडकी उघडत असे. दोन-तीन घरांची कामे एकदम आली की पडद्यावर खिडक्यांवर खिडक्या चढत. मावशींची भाची सेरवा गणित शिकून आली आणि तिला हे खटकले. हा नुसता पसारा करतो, असे ती म्हणाली. मावशी म्हणाल्या, "पसारा करतो, पण वस्तू जागेवर ठेवतो. तुझ्या मामाला तेवढंही जमत नाही."

तरीही सेरवाने स्वतःचा फाइल मॅनेजर बनवायला घेतला. त्याची खिडकी एकच. वर ओळीने टॅब आणि प्रत्येक टॅबमागे एक फोल्डर. टॅबवर बोट ठेवले की ते फोल्डर समोर. त्याच्या कोडच्या फायली ती माझ्याकडूनच उघडून घेई, म्हणजे तो माझ्याच मांडीवर वाढत होता. तो पहिल्यांदा चालला त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी जन्मलेल्या मुलाचे नाव आमच्याकडे याव ठेवतात, म्हणून मावशींनी हसत त्याचेही तेच नाव ठेवले. मला इतक्या वर्षांत कोणी साधे नाव दिले नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला. त्याचे टॅब दिसायला देखणे होते, हे मी आजही मोठ्याने म्हणणार नाही.

पुढे एकाच शनिवारची दोन कामे आली. बोआटेंग नावाच्या तरुण ड्रायव्हरचे पोस्टर आधी तयार झाले. मग नाना जाम्फी या म्हाताऱ्या गृहस्थांचे काम आले. नानांचा जन्मभरात एकच फोटो निघाला होता आणि त्याला वाळवी लागली होती. सेरवाने तो जपून स्कॅन केला, पण परत चौकटीत बसवताना कागदाचा भुगा झाला. आता नानांचा चेहरा फक्त आमच्या यंत्रात उरला.

मावशींनी पडद्यावर नजर टाकली. "अगं, पोरगा पुढे आणि नाना मागे? वडीलधाऱ्यांना आधी बसव."

आमच्यात हे पडद्यावरही चालत नाही. सेरवाने नानांचा टॅब ओढून पहिला केला. पण यावला अजून ते नीट येत नव्हते. टॅबवरची नावे सरकली, मागची फोल्डरे होती तिथेच राहिली. सेरवाने फोटो नानांच्या नावावर सोडला आणि तो बोआटेंगच्या फोल्डरात जाऊन पडला. मी पाहत होतो. खरे सांगतो, मला आनंद झाला.

सकाळी यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा नावे आणि फोल्डरे आपोआप जुळली होती. त्यामुळे चूक लपली आणि नानांचे फोल्डर रिकामे दिसले. नेमके तेव्हाच नानांच्या घरचे कुटुंबप्रमुख ओपानिन ड्वोमो पोस्टर पाहायला आले. त्यांच्या होकाराशिवाय काही छापले जात नाही. सेरवाने रडवेल्या आवाजात सगळे सांगितले.

ते शांतपणे म्हणाले, "पोरी, आमचा म्हातारा एकदा गेला होता. तू त्याला दुसऱ्यांदा घालवलंस."

मावशी सेरवाला म्हणाल्या, "तो जुना उघड."

यावला शोधता येत नव्हते. मला येते. काल आलेले सगळे फोटो शोधून दे, असे तिने मला सांगितले. मी हळू आहे, पण एकही कोपरा सोडत नाही. बोआटेंगच्या ट्रकच्या फोटोंमध्ये नाना सापडले, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेले. ओपानिन उठून उभे राहिले आणि जिवंत नाना समोर आल्यासारखे त्यांनी चपलांतून पाय बाहेर काढले.

मला वाटले, आता यावची सुट्टी. पण पोस्टर छापायला गेल्यावर सेरवाने मला आणि त्याला शेजारी शेजारी उघडले. ती माझ्यात एक फाइल हलवी, थांबे, पाही. फाइल कोठून कोठे गेली ते मी नेहमी लिहून दाखवतो. ते तिने पुन्हा पुन्हा वाचले. माझ्याकडे इतके निरखून कोणी कधी पाहिले नव्हते, आणि पाहिले तेही त्याच्यासाठी.

आता सकाळी याव उघडतो. मी क्वचित. माझी जळजळ गेलेली नाही.

मित्रांनो, नवे जरूर बनवा. पण जुन्याला बाजूला सारण्याआधी एक दिवस त्याच्याशेजारी बसा आणि तो काम कसे करतो ते नीट पाहा. परवा यावने एक फोटो हलवला आणि कोठून कोठे गेला ते पडद्यावर लिहून दाखवले. मावशी म्हणाल्या, "किती शहाणा आहे गं आपला याव."

पडद्यावरची ती ओळ शब्दन्‌शब्द माझी होती.