बाहेरून विचारायचे प्रश्न

आत फुगा फुटला तेव्हा मला वाटलं, सासरे गेले.

"बाबा?" मी लिफ्टच्या दाराला तोंड लावून ओरडलो.

आतून आवाज आला, "फुगा होता."

"घाबरलात का?"

"फुगा घाबरला. मी बरा आहे."

ते बरे नव्हते. माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करतात. उभं आयुष्य त्यांनी लिफ्टच्या छतावर, लिफ्टच्या पोटाखाली आणि मधल्या बोगद्यात लोंबकळत काढलं. लिफ्टच्या आत मात्र ते कधी पाय ठेवत नाहीत. कितीही मजले असोत, पिशवी खांद्याला लावून जिन्याने. लग्न ठरलं तेव्हा मी कारण विचारलं होतं. "आतल्या माणसाच्या हातात काही नसतं," ते म्हणाले. माझ्याशी ते बोललेल्या मोठ्या वाक्यांपैकी हे एक. दुसरं जेवताना मिठाबद्दल होतं.

पुढे गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला आणि निवृत्ती आली. आज कंपनीच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर निरोपसमारंभ. सकाळी माझ्या बायकोने वडिलांना बजावलं, "आज जिना नाही. गुपचूप लिफ्टने यायचं." मला एवढंच काम होतं की त्यांना वर आणायचं. मी त्यांना लिफ्टमधे उभं केलं आणि स्कूटरवर राहिलेला पुष्पगुच्छ आणायला गेलो. तो घेऊन परततो तोच दार लागलं, लिफ्ट वर निघाली आणि मी जिन्याने चौथ्यापर्यंत धावलो.

त्यांच्या सन्मानार्थ सहकाऱ्यांनी लिफ्ट आतून फुगे आणि रिबिनी लावून सजवली होती. त्यातली एक रिबीन दारात अडकली आणि लिफ्ट दिव्यासकट बंद पडली. हे सहकारी सगळे लिफ्टचे मेकॅनिक आहेत, हे सांगायला हवं.

जिन्यावरून बायको धावत आली. "बाबा कुठेत?"

"मधे."

"मधे म्हणजे?"

"तिसरा आणि चौथा, यांच्या."

तिच्या मागून टकले फोरमन उतरले. वर अख्खी कंपनी हजर होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो. "काढा लवकर," मी म्हणालो.

"काढतो की. मशीनच्या खोलीची किल्ली मिळाली की लगेच."

"कुठाय किल्ली?"

"त्यांच्या खिशात," फोरमननी लिफ्टकडे बोट दाखवलं. "दाराची पण तिथेच. आज किल्ल्या सुपूर्द करायचा कार्यक्रम आहे ना. टाळ्या वगैरे."

"मग दाराच्या फटीतून सरकवायला सांगा!" बायको म्हणाली.

"फट नाही," आतून बाबांचा आवाज आला. "मागच्याच महिन्यात मी घालवली."

"कामच तसं त्यांचं," फोरमन कौतुकाने म्हणाले.

दुसरी किल्ली गावाच्या पलीकडच्या गोदामात होती. ती आणायला बायको स्वतः निघाली, कारण तिचा या कंपनीतल्या कोणावर विश्वास उरला नव्हता. माझ्यावर होता असं नाही, पण मी पडद्याच्या दुकानात कामाला. मला किल्ल्यांमधलं काही कळत नाही. "तू इथून हलायचं नाहीस," ती मला म्हणाली. मग दारापाशी वाकून हळू आवाजात, "बाबा, मी आलेच. जावई आहे इथे."

"बरं," बाबा म्हणाले. या बातमीने त्यांना फार धीर आला असावा, असं वाटलं नाही.

फोरमननी जाता जाता मला बाजूला घेतलं. "बोलत राहा त्यांच्याशी. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हा त्यांचाच नियम. फावल्या वेळात काय करता, खायला काय आवडतं, गाणं कुठलं, फिरायला कुठे जायला आवडेल. हे विचारून होईपर्यंत दार उघडतं."

"आणि नाही उघडलं तर?"

"परत पहिल्यापासून विचारायचं. दुसऱ्यांदा माणसं खरं सांगतात."

मी दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलो. आतला श्वास ऐकू येत होता. भराभर चालला होता.

"जावईबापू, इथे हवा कमी आहे का हो?"

"हवा भरपूर आहे बाबा. लिफ्टमधली हवा संपत नाही, असं तुम्हीच लोकांना सांगता ना?"

"ते बाहेरून खरं वाटतं."

मी घसा साफ केला. "फावल्या वेळात काय करायला आवडतं?"

"कोणाला?"

"आत दुसरं कोण आहे?"

"फुगे." मग जरा विचार करून, "शब्दकोडी."

बाबांच्या हातात मी कधी पेन्सिलही पाहिली नव्हती. "आणि खायला?"

"उकडलेला बटाटा. वर मिरपूड."

"अरे वा. तुम्हाला बटाटा आवडतो?"

"पोस्टातल्या एका बाईंना आवडतो. बराच वेळ अडकल्या होत्या. दुसऱ्या कशाबद्दल बोलल्याच नाहीत."

"गाणं?"

"बासरी. तो दातांचा डॉक्टर. शब्दकोडीवाला बँकेत होता. आणि वाळवंट बघायचंय ती एक गरोदर बाई. उंटावर बसणार नाही म्हणाली, नुसतं बघणार."

"बाबा, हे सगळं दुसऱ्यांचं झालं. तुमचं सांगा की."

"माझं कोणी विचारलंच नाही कधी. मी बाहेर असायचो."

तेवढ्यात दुसरा फुगा फुटला आणि आतून दारावर दणादणा हात पडायला लागले. "काढा मला! उघडा, उघडा म्हणतो ना!" हा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांना हृदयाची गोळी चालू होती. मी हातातल्या पुष्पगुच्छाकडे पाहिलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

"बाबा," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणालो, "खायला काय आवडतं?"

हात थांबले.

"टोस्ट," ते म्हणाले. "करपलेला."

"करपलेला?"

"ती नर्स होती ना. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की माझ्यासाठी टोस्ट ठेवायची आणि तिथेच उभ्या उभ्या झोपायची. धूर झाला की आम्ही दोघं उठायचो. मी अंथरुणातून, ती झोपेतून."

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. आमच्या लग्नाच्या आधीच त्या गेल्या.

"आणि गाणं?"

"झोपेत गुणगुणायची. चाल अशी नव्हती त्याला. मी खूप शोधली."

जिन्यात पावलं वाजली. बायको धापा टाकत वर आली, वरून उतरलेल्या फोरमनच्या हातात किल्ली कोंबली आणि ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे पळाले. ती काही बोलणार तेवढ्यात आतून बाबा पुढे सांगायला लागले. ती पायरीवर बसली.

"तीच तर अडकली होती. हॉस्पिटलच्या लिफ्टमधे. अशीच, दिव्यासकट. मी बाहेरून विचारलं, फिरायला कुठे जायला आवडेल? म्हणाली, कुठेही चालेल, आधी इथून काढा. मग लागली बोलायला. आवाज असा होता की... लिफ्ट केव्हाच दुरुस्त झाली होती, जावईबापू. पण बटण माझ्या हातात होतं."

"मग?"

"नाही दाबलं. बराच वेळ."

मी बायकोकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"त्यांना सांगितलंत कधी?"

"लग्नानंतर. खूप भीत भीत. तर म्हणाली, मला माहीत होतं. आत दिवा लागला होता."

वरून फोरमनची हाक आली, "झालं! सोडू का?" बायकोने जिन्याच्या कठड्यावरून वर पाहिलं आणि तळहात उंच धरला. थांबा. वर कोणीतरी "का?" असं विचारलं. तिने नुसता हात धरून ठेवला.

"मग फिरायला गेलात कुठे?" मी विचारलं.

"कुठे नाही. ती ओढून आत घेऊन गेली मला. म्हणाली, एकदा बसून तर बघा. वरपर्यंत गेलो, खाली आलो. तेवढंच." मग ते म्हणाले, "छान होतं वर. कपडे वाळत घातले होते."

बऱ्याच वेळाने बायकोने हात खाली घेतला.

लिफ्ट गुरगुरत वर आली आणि दार उघडलं. बाबा सरळ उभे होते. केस नीट बसवलेले, दारात अडकलेली रिबीन घडी करून हातात. आतला दिवा लख्ख होता.

"बाबा, दिवा आत्ता लागला का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मघाशीच."

बायकोने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. ते बाहेर आले. पण दुसऱ्या हाताने त्यांनी दार तसंच धरून ठेवलं, मागून कोणी यायचं असलं की धरतात तसं. आम्ही तिघंही आत बघत राहिलो. आतून एक फुगा सावकाश बाहेर आला, त्यांच्या पायाला लागून पुढे गेला.

मग त्यांनी दार सोडलं.