बाळाची गुठळी आणि आत्याचा पाय

मुलगी तीन दिवसांची होती आणि तिच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात वाटाण्याएवढी रक्ताची गुठळी सापडली होती. "घरात कुणाला असं झालंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, कुणालाच नाही," बाप म्हणाला.

"कुणालाच कसं नाही?" त्याची थोरली बहीण कडाडली. ती बस चालवायची आणि तिचा आवाज मागच्या सीटपर्यंत सहज पोचायचा. "बाळंतपणानंतर माझा पाय खांबासारखा सुजला होता, विसरलास? गुठळीच होती ती!"

"ताई, ती बसून बसून झाली, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते."

"मग ही पोर कुठली बस चालवत होती?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी लगेच बाळाचं, आईबापाचं आणि आत्याचं रक्त तपासायला पाठवलं. रक्त गोठणं आवरणारं एक प्रथिन तिघा मोठ्यांत कमी निघालं. बाळाला कमतरता आई आणि बाप दोघांकडूनही आली होती, त्यामुळे तिच्यात ते जवळजवळ नव्हतंच. नेमकं दुखणं कळल्यावर रक्त पातळ करणारं औषध आणि तेच प्रथिन शिरेतून सुरू झालं. आत्या रोज ड्यूटी संपवून यायची आणि काचेपलीकडच्या भाचीला बजावायची, "घाबरायचं नाही. आपण चिवट आहोत."

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तीनदा शोधलं, पण गुठळी कुठेच दिसेना.

"विरघळली. हिचं औषध मात्र चालूच राहील," त्या म्हणाल्या. "आणि ताई, तुम्हालाही आता रोज एक गोळी."

"घेईन की," आत्या म्हणाली. "दोघी मिळून घेऊ."