ताण उतरवणारी पेटी

साताऱ्यातल्या देवदत्तच्या कॉम्प्युटर क्लासच्या जिन्यावर चपलांचा खच पडला होता. वर हिमालय अवतरणार होता. तोही टेलिफोनच्या तारेतून!

१९९९चा जून. कारगिलला तोफा धडाडत होत्या आणि जिल्ह्यातल्या घराघरांतली पोरं तिकडं होती. रेडिओवर बातम्या लागल्या की म्हाताऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. असा घोर लागलेला मुलूख दिसला की भोंदूंच्या तोंडाला पाणी सुटतं. कालपर्यंत पोरांना टायपिंग शिकवणाऱ्या देवदत्तने रातोरात पाटी बदलली. 'विश्वतरंग महाराज इंटरनेट-ध्यान केंद्र. मनाचा ताण उतरवा, यंत्रावर बघून खात्री करा.'

अंकिता दात-ओठ खात जिना चढत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा जयराज तिकडंच, बर्फात होता. आणि सासरे, रिटायर सुभेदार लालासाहेब, रोज इथं येऊन बसत होते. आज सकाळी अंगणात त्यांना गरगरलं, नाकातून रक्त आलं. सासूने, शालूबाईंनी, फडताळ उघडलं तर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं.

"आबा, गोळी बंद केलीत?"

"पेटीवर रोज आकडा उतरतोय की! सर म्हनले, आता गोळीची गरज न्हाई."

"सर डॉक्टर आहेत?"

"तू शिकवू नगंस. दुपारी चल, डोळ्यानं बघ."

म्हणून ती बघायला आली होती. मंडईतून परस्पर, हातात भाजीची पिशवी घेऊन.

खोलीत पडदे ओढलेले. भिंतीशी कॉम्प्युटर, समोर ओळीने बसलेले मिशाळ फौजी पेन्शनर. प्रत्येकाच्या बोटाला चिमटा, चिमट्याची वायर समोरच्या पत्र्याच्या पेटीला, पेटीवर तांबडे आकडे. नव्वदला सुरू व्हायचे आणि ध्यान संपेस्तोवर दहाच्या खाली. देवदत्त सफारीत घामाघूम होऊन सांगत होता, "महाराज आत्ता, या घडीला, गुहेत बसलेत! त्यांचा तरंग सॅटेलाइटवर, तिथनं इंटरनेटवर, तिथनं तारेत आणि तारेतनं थेट तुमच्या नाडीत! आणि तुमच्या नाडीतनं सीमेवरच्या लेकराला कवच! मधेच डोळे उघडाल तर कवच फाटेल. मग मला बोलू नका."

अंकिताच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या लेकराचा धाक दाखवतोय हा नालायक!

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाढीवाला उमटला आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात गरजला, "सावधान! कमर सीधी! आँखें बंद!"

फटाफट सगळे डोळे मिटले. देवदत्तला गिऱ्हाईक बरोबर ठाऊक होतं. ज्यांची हयात हुकूम मानण्यात गेली, ते हुकमाशिवाय पापणी उचलणार नव्हते. फौजींच्या या साताऱ्याबाहेर कुठल्याही बुवाला इतकं सोपं गेलं नसतं. देवदत्तसुद्धा निर्धास्तपणे मागच्या खोलीत चहा प्यायला गेला.

सासऱ्यांशेजारी ओळीत बसलेल्या अंकिताने डोळे मिटलेच नव्हते. तिने आपल्या बोटाला लावलेला चिमटा काढला, पिशवीतून एक ओलसर वांगं काढलं, देठाजवळ चिमटा लावला आणि वांगं पदराखाली मांडीवर ठेवलं.

पेटीवरचा आकडा नव्वदवर आला. ऐंशी. साठ. तीस. कृष्णाकाठचं वांगं शांत होत चाललं होतं.

शंख वाजला. देवदत्त मिशी पुसत आला आणि एकेकाचा आकडा मोठ्याने वाचू लागला. अंकिताच्या पेटीपाशी थबकला. "सहा! पहिल्याच बैठकीत सहा! ताई, पूर्वजन्मीची साधना आहे तुमची!"

"माझी नाही, याची," म्हणत अंकिताने पदर बाजूला केला.

मग मागून हवालदार नाथाजी ओरडले, "आयला! वांगं समाधीला बसलंय गड्या!"

"वनस्पतीलाही जीव असतो," देवदत्त चाचरला. "तरंग तिलाही..."

"असं?" अंकिताने वांगं खाली ठेवलं आणि चिमट्यात ओला रुमाल अडकवला. आकडा परत नव्वदवर गेला आणि खाली घसरू लागला. "आता या रुमालाला कसला घोर आहे, सर? याचा पोरगा कुठल्या पलटणीत?"

तिने पेटी उलटी केली आणि तळाचा पत्रा उचकटला. आत बॅटरी आणि एक घड्याळ. "बघा सगळ्यांनी. चिमट्यात ओलसर काहीही आलं की घड्याळ सुरू होतं आणि आकडा आपोआप उतरतो. तुमच्या मनाशी याचा काडीचा संबंध नाही."

"आन् हिमालय?" नाथाजींनी विचारलं.

अंकिताने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. ताटलीवर बसून एक चकचकीत सीडी बाहेर आली. टेलिफोनची तार मागच्या खोलीतल्या फोनलाच संपली होती, कॉम्प्युटरपर्यंत आलीच नव्हती.

"भाडखाऊ!" कुणीतरी देवदत्तची कॉलर धरली.

लालासाहेब मात्र बसल्या जागी होते. "पन पोरी," ते हळू म्हणाले, "हितं बसलो की मला खरंच बरं वाटायचं. ते बी खोटं?"

"नाही आबा, ते खरं. अर्धा तास डोळे मिटून शांत बसलं की कुणालाही हलकं वाटतं. शेजारी तुमच्यासारखेच पोरांच्या वाटेकडं डोळे लावून बसलेले. त्याचाही आधार होता. रोज बसा की घरी, मीही बसते. मलाही झोप लागत नाही. पण हलकं वाटलं म्हणून ब्लडप्रेशर उतरलं असं नाही. ते मोजावं लागतं, डॉक्टरच्या यंत्रावर."

"मग चल, मोजूया," लालासाहेब उठले. उठताना झोक गेला, नाथाजींनी सावरलं.

चौकातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पारा बघितला आणि पुन्हा बघितला. दोनशेच्या वर. "सुभेदार, अजून आठ दिवस गेले असते, तर मुलाला रजा काढून तुमच्या अंथरुणापाशी यावं लागलं असतं."

लालासाहेबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. दारात घोळका उभा होता. त्यातल्या तिघांनी मुकाट्याने बाह्या वर सारल्या. गोळ्या त्यांनीही सोडल्या होत्या.

वाचकहो, ध्यान करा, खुशाल करा. पण कुणी यंत्र दाखवलं तर ते उघडून बघा. आकडा दाखवला तर तो दुसऱ्या ठिकाणी तपासा. आणि जो तुम्हाला डोळे उघडायला मनाई करतो, त्याच्यासमोर तर मुळीच मिटू नका.