सहा वाव

नारायण पेठेत समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचा मास्तर नको. तरीही तिथल्या एका बोळात विश्वजीतचं दुकान होतं आणि त्यात कोकणातल्या मच्छीमार बोटींची यंत्रं दुरुस्त होत. वाट दाखवणारं जीपीएस, पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासळी दाखवणारं सोनार. दारावर पाटी होती : 'यंत्र दुरुस्त होईल. मासे मिळतील याची हमी नाही.' पाटी धाकट्या भावाने, आमोदने रंगवली होती. आमोद आयटीत होता, पण असल्या उद्योगांसाठी त्याच्याकडे नेहमी वेळ असे.

हर्णै-दाभोळहून यंत्रं एसटीच्या पार्सलने येत. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडलेल्या, वायरीत पाणी शिरलेलं, बॅटरीच्या तारा उलट्या जोडून कुणीतरी शहाणपणा केलेला. विश्वजीत ते सगळं निस्तरी आणि यंत्र परत पाठवण्याआधी शेवटचं काम म्हणून खोलीचं माप वावावर लावी. दर्यावर जाणारा माणूस मीटर मोजत नाही, वाव मोजतो. बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की माप लावल्याचं त्याला आठवतही नसे.

आणि एका रविवारी आमोद मित्रांबरोबर खडकवासल्याला गेला, पोहायला उतरला, तो वर आलाच नाही.

विश्वजीतला रडू आलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात आणि मग स्वतःचाच गाल परक्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. शेजारच्या तुळजाबाईंनी पिठलं-भात आणून दिला, तो त्याने पोटभर खाल्ला, वर पुन्हा मागून घेतला. नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

बुडालेल्याला शोधायचं काम धरणाकाठच्या दत्तोबांकडे येई. शेतकरी माणूस. स्वतःची होडी, लोखंडी गळ, आणि दर मीटरला गाठ मारलेला दोर. विश्वजीतने दुकानातल्या फळीवरचं एक दुरुस्त केलेलं सोनार उचललं आणि तो होडीत जाऊन बसला. पाइपाला सेन्सर बांधून त्याने तो पाण्यात नीट बुडेल असा सोडला. बुडबुड्यांनी चित्र बिघडू नये म्हणून होडी हळू घ्यायला सांगितली. पडद्यावरची पांढरी पिसं जाऊन तळाची रेघ स्वच्छ दिसेपर्यंत बटणं फिरवली. हात आपले काम करत होते, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी भावाला शोधतोय असंच त्याला वाटत होतं.

मित्रांनी दाखवलेल्या जागी, बुडालेल्या एका झाडाशेजारी, तळावर एक लांबट डाग उमटला.

"किती हाय?" दत्तोबांनी विचारलं.

"सहा."

सहा काय, हे दत्तोबांनी विचारलं नाही आणि विश्वजीतनेही सांगितलं नाही. दत्तोबांनी सहा गाठी मोजून दोर सोडला, वर आणखी दोन गाठी सोडल्या, आणि गळ इकडून तिकडे ओढत राहिले.

"तळ लागल्यावानी वाटंना वो. गाळ लई मऊ असंल, गळ नुसता सरकतोय."

"मशीन बरोबर आहे," विश्वजीत म्हणाला.

दत्तोबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि दोर वर घेतला. "मग ते झाडच असंल. हितं न्हाय."

काठावर आमोदची बायको ऋतिका उभी होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "इथे नाही म्हणाले ना?" तिने विचारलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. "मग तो पाण्यात नाहीच, दादा. पलीकडच्या काठाला लागला असेल. डोक्याला मार बसला असेल, काही आठवत नसेल. होतं ना असं?"

"होतं," विश्वजीत म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

पुढचे दिवस दत्तोबा धरणाच्या दुसऱ्या अंगाला शोधत राहिले. आपण तिथे बसून काय करायचं, ते न कळून विश्वजीतने दुकान उघडलं. येरवड्याच्या घरून ऋतिकाचे फोन येत. ती दवाखान्यांमागून दवाखाने पालथे घालत होती. बेवारस म्हणून दाखल झालेली माणसं बघून येत होती. आता ती जेवतही होती. रात्री आमोदची पोळी झाकून ठेवत होती.

"दादा, पोलीस चौकीतले साहेब म्हणाले, मृतदेह असता तर एव्हाना वर आला असता. अजून आशेला वाव आहे म्हणाले."

"बरं," तो म्हणाला.

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच हर्णैच्या हिराताईंचा आला. दोन बोटींच्या मालकीणबाई, आवाज असा की फोन कानापासून लांबच धरावा. "विश्वाभाऊ, तुमचं मशीन झ्याक चाललंय हो! पण नवा दोर आणलाय, त्यावर मेले मीटरचे आकडे. मशीनवर सहा वाव आलं तर दोर किती सोडायचा?"

"अकरा मीटर," विश्वजीत म्हणाला. "त्याच्यावर थोडा ज..."

पुढे बोलणं झालंच नाही. हिराताई हॅलो हॅलो करत राहिल्या.

सोनार समोरच फळीवर होतं, पुसून ठेवलेलं. त्याने ते चालू केलं आणि माप कशावर आहे ते पाहिलं. पाहायची गरज नव्हती. सहा वाव म्हणजे अकरा मीटर, आणि दत्तोबांचा गळ आठ मीटरवरच लोंबकळत होता. त्यांच्या हाताला तळ लागत नव्हता आणि आपण म्हणालो, मशीन बरोबर आहे. मशीन बरोबरच होतं. आमोद पहिल्या दिवसापासून तिथेच होता, त्या झाडात अडकून.

तो स्टुलावर बसला. गप्प बसलो तर कुणाला कळणार होतं? ऋतिका पोळी झाकून ठेवत राहील. तिच्या जगण्याला तेवढा एक आधार होता, आणि तो आपल्याच चुकीने मिळालेला होता. पण मग आमोद तिथे एकटा राहील. त्याने दत्तोबांना फोन लावला.

होडी पुन्हा त्याच जागी आली. डाग तिथेच होता.

"किती?"

"सहा वाव."

"वाव म्हंजी?"

विश्वजीतने दोन्ही हात पसरले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसाच्या दोन हातांत मावतं तेवढं. चूक माझी होती, दत्तोबा. तुमचा हात खरं सांगत होता."

दत्तोबांनी दोर त्याच्या हातात दिला. गाठींकडे न बघता विश्वजीतने छातीवरून हात पसरून दोर मापला, पाण्यात सोडला, पुन्हा हात पसरले. सहाव्या खेपेला गळ तळाला टेकला. दत्तोबांनी दोर हातात घेऊन हळूच ओढला आणि मान खाली घातली.

दोघांनी दोर ओढून त्याला वर घेतलं. काठावर आणलं तेव्हा तोंड झाकलं होतं, पण मनगटातलं घड्याळ दिसत होतं. निरोप देऊन बोलावलेली ऋतिका धावत आली नाही. चालत आली, घड्याळ बघितलं आणि खाली बसली. आजूबाजूला सगळे तिच्या हंबरड्याची वाट बघत होते. तिने फक्त विश्वजीतकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी इथेच शोधलं होतं ना?"

"हो. दोर कमी पडला. माझ्यामुळे."

"मग हे मधले दिवस मला कशाला दिलेत, दादा?"

दोराने सोललेले तळवे विश्वजीतला एकदम झोंबायला लागले, मग छाती, मग सगळंच. सुई उतरली होती. तो तिच्याशेजारी चिखलात बसला आणि भावाचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागला.