नाव न घेता

सुतारभाऊंनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत ते नुसतेच बसून राहिले.

"सगळ्यात वरची ओळ," चष्मेवाले म्हणाले. "एकेक अक्षर सांगा."

"धूसर दिसतंय."

चष्मेवाल्यांनी चाचणीच्या जाड फ्रेममध्ये एक भिंग सरकवलं. ते काढून दुसरं घातलं, मग तिसरं. हे बरं की आधीचं? सारखंच. आता? सारखंच. अर्धा तास हाच घोळ चालला होता. तीस वर्षांच्या धंद्यात चष्मेवाल्यांना असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. दुकानात शिरताशिरता या माणसाने रस्त्यापलीकडच्या दुकानाची चौकट दीड सूत वाकडी बसलीय म्हणून सांगितलं होतं, आणि आता वीतभर अक्षर त्याला दिसेना!

शेवटी त्यांनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती, नुसत्या तीन दात्यांच्या खुणा होत्या. शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांसाठी असतो तो तक्ता. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं, झालं. सुतारभाऊंनी दाखवायला सुरुवात केली. वर, डावीकडे, खाली, परत डावीकडे. थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेले, आणि ती ओळ खुद्द चष्मेवाल्यांनाही चष्म्याशिवाय दिसत नसे.

"भाऊ, घारीची नजर आहे तुमची," चष्मेवाले म्हणाले.

सुतारभाऊंनी फ्रेम काढून काळजीपूर्वक काउंटरवर ठेवली. "आकडे येतात मला," ते म्हणाले. "अक्षरं येत नाहीत."

आता हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर चष्मेवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. चौदा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचत होते ते हेच सुतारभाऊ. मोठा ग्रंथ उघडून उभे राहायचे आणि घंटेसारख्या आवाजात वाचायचे. वंशावळीतली चाळीस-चाळीस नावंसुद्धा कुठे न अडखळता. वाचताना खाली बघायचेच नाहीत, समोर लोकांकडे बघायचे. लोक म्हणायचे, वचन यांच्या हृदयात आहे. चष्मेवाले मनातल्या मनात म्हणायचे, काय हा दिखाऊपणा! कारण चौदा वर्षांपूर्वी वाचक निवडायचा होता तेव्हा दोन नावं पुढे आली होती, आणि दुसरं नाव चष्मेवाल्यांचं होतं.

"बायको वाचून दाखवायची," सुतारभाऊ म्हणाले. "आठवडाभर, रोज. मी पाठ करायचो. पान कितवं ते सांगून ठेवायची, तेवढं उघडायचं. ती गेली त्याला आठ महिने झाले. इतके दिवस जुनं पाठ केलेलं पुरलं. पण पाळकसाहेबांनी नवं पाठपत्रक काढलंय, पुढच्या महिन्यापासून सगळे वेगळे भाग." त्यांनी घसा साफ केला. "डोळे अधू झालेत असं लिहून द्या मला. सन्मानाने बाजूला होतो."

"खोटं कसं लिहू, भाऊ?"

"नका लिहू मग. चुकलंच माझं." ते उठले. "पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

"अहो, माझ्या तोंडाला कुलूप!" चष्मेवाल्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, त्यात काही लबाडी नव्हती. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. मार्ग निघेल."

सुतारभाऊंचा चेहरा एकदम सैल झाला. "करा," ते म्हणाले. "तुमची प्रार्थना देव ऐकतो असं सगळेच म्हणतात."

आणि म्हणायचेच सगळे. बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत प्रार्थनेला पंधरा-वीस माणसं जमायची, खुर्च्या गोल मांडायची, डोळे मिटायची आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. बाकीच्यांनी मधूनमधून "होय, प्रभू" म्हणायचं. कोणी दोन वाक्यांत आटपायचं, कोणी घाबरून नुसतं आमेन म्हणायचं. चष्मेवाल्यांची पाळी आली की मात्र लोक खुर्चीत सावरून बसायचे. काय ती भाषा! आजारी माणसांसाठी ते अशी विनवणी करायचे की आजारी माणसालाही आपण इतके आजारी आहोत हे तिथेच कळायचं.

त्या बुधवारी सुतारभाऊ दाराजवळच्या खुर्चीत होते. चष्मेवाल्यांच्या आधी शेजारच्या बाईंनी छान प्रार्थना केली होती, त्यांना भरपूर "होय, प्रभू" मिळाले होते. चष्मेवाल्यांनी सुरुवात केली. आजारी माणसं झाली, परगावी गेलेले झाले, परीक्षेची मुलं झाली. आवाज तापला, शब्द आपोआप येऊ लागले.

"आणि प्रभू, आमच्यात एक भाऊ आहे. मी नाव घेत नाही, तू त्याला ओळखतोस. त्याची सहचारिणी तू बोलावून घेतलीस. तो तुझ्या वचनाची सेवा करतो, प्रभू, पण त्याला अक्षराची ओळख नाही! ती त्याचे डोळे होती, प्रभू, आणि आज तो तुझा ग्रंथ उघडून अंधारात उभा आहे—"

वाक्य सुंदर झालं होतं. चष्मेवाले "होय, प्रभू"साठी थांबले. ते आलं नाही. खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली. मिटलेल्या डोळ्यांआडूनसुद्धा त्यांना कळलं की सगळ्यांचे डोळे उघडले आहेत आणि सगळे दाराच्या दिशेने बघत आहेत. त्यांनी पुढचं कसंबसं गुंडाळलं.

"आमेन," दाराजवळून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, रविवारचाच. मग सुतारभाऊ उठले, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि निघून गेले.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पण आपल्या बाजूने. "मी नाव घेतलं नाही," ते दोनदा म्हणाले.

"नाव घेतलं नाही! वा!" बायको इस्त्री करत होती, ती तिने उभी करून ठेवली. "चर्चमध्ये शास्त्र वाचणारे आणि बायको वारलेले असे किती जण आहेत आपल्यात? जरा रांगेत उभे करून दाखवा मला."

"अगं, मी प्रार्थना करत होतो."

"कोणाशी?"

एवढंच म्हणाली आणि परत इस्त्री उचलून कॉलरकडे वळली. चष्मेवाले जेवायला बसले आणि तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. "सुतारभाऊ वाचन सोडतायत. डोळ्यांचं कारण सांगितलं त्यांनी. मी तेच खरं धरून चालणार आहे, तुम्हीही धरा." मग जरा थांबून म्हणाले, "येत्या रविवारपासून तुम्ही वाचाल का?"

आणि इथेच तर सगळी शरम आहे. हो म्हणून फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना पहिल्यांदा आनंद झाला. पुरता एक क्षण झाला. छाती भरून आली, कुठला सदरा घालायचा तेही मनात येऊन गेलं. मग आपल्याला आनंद झाला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते मटकन स्टुलावर बसले. आपण मुद्दाम केलं का? नाही, देवाशपथ नाही! पण मग त्या वाक्याशी आवाज का चढवला होता? देव काय लांब बसला होता?

शुक्रवारी चर्चमधल्याच एक आजी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आल्या. "सुताराला वाचताच येत नाही म्हणे!" त्या स्टुलावर बसता बसता म्हणाल्या. "चौदा वर्षं मामा बनवलं की हो आपल्याला! तुमच्यामुळे उघडकीला आलं, देवाचीच कृपा."

चष्मेवाल्यांना म्हणायचं होतं की आजी, असं बोलू नका, तुम्ही चौदा वर्षं जो आवाज ऐकून रडत होता तो आवाज खराच होता. पण बोलायचा हक्कच उरला नव्हता. तिळाएवढा स्क्रू पेचकसाच्या टोकावरून तीनदा खाली पडला, चौथ्यांदा त्यांनी तो गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधला. आजी गेल्यावरही ते बराच वेळ काउंटरखालीच बसून राहिले. बाहेरून कोणाला दिसू नये, एवढंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी दुकान न उघडता ते सुतारभाऊंच्या कारखान्याकडे निघाले. कारखाना म्हणजे एक लांबट शेड. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, सरसाचा वास, जमिनीवर घोटाभर भुसा. सुतारभाऊ खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होते. त्यांनी वर बघितलं, मान हलवली आणि हात चालूच ठेवला.

चष्मेवाल्यांनी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती त्यांनी म्हणून टाकली. म्हणता म्हणताच त्यांना कळत होतं की ही वाक्यंसुद्धा फार छान आहेत, आणि त्या छानपणाची त्यांना किळस आली. मधेच थांबून ते म्हणाले, "माझं चुकलं, भाऊ. तुम्हाला उघडं पाडलं मी."

"हं."

"मी पाळकसाहेबांना सांगतो, वाचन तुमच्याकडेच राहू दे. मी रोज येईन. वहिनी वाचायच्या तसं वाचून दाखवीन. तुम्ही पाठ करा."

रंधा थांबला. "लग्न झाल्यापासून एकोणतीस वर्षं तिनेच सगळं वाचलं," सुतारभाऊ म्हणाले. "सख्ख्या आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही." मग परत रंधा सुरू झाला. "आता काय पाठ करायचं? सगळे माझ्या तोंडाकडे बघतील, ग्रंथाकडे नाही. उद्या तुम्हीच वाचा."

"मला नाही जमणार."

"न जमायला काय झालं? तुम्हाला येतं ना वाचायला?" पहिल्यांदाच आवाजात धार आली, आणि लगेच गेली. "कोणीतरी वाचायला हवं हो. उद्यापासून नवं पत्रक, उद्याचा भाग मी कधी ऐकलेलाच नाही. ती गेल्यापासून नवं काहीच कानावर पडलं नाही. मी मागे बसून ऐकीन."

निघावं म्हणून चष्मेवाले वळले.

"क्षमा केलीय मी," सुतारभाऊ पाठमोऱ्या त्यांना म्हणाले. "ती करावीच लागते, आपल्याला त्यातून सुटका आहे का? पण एक विचारतो. त्या दिवशी दुकानात म्हणालात, तुमच्यासाठी प्रार्थना करीन. त्या बुधवारशिवाय कधी केली?"

हो म्हणणं सोपं होतं. कोण तपासायला जाणार होतं?

"नाही," चष्मेवाले म्हणाले.

"एकदाही?"

"नाही."

सुतारभाऊंनी मान डोलावली. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. "मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. "सकाळी शेड उघडताना वाटायचं, आता चष्मेवाले आपल्यासाठी गुडघ्यांवर असतील. बरं वाटायचं. त्या बुधवारी सकाळीसुद्धा वाटलं होतं."

चष्मेवाल्यांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्यांना अक्षरशः वाटलं.

"मग आता करा," सुतारभाऊ म्हणाले. "इथेच. फक्त आवाज नको."

चष्मेवाले भुशात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. हे कृपाळू पित्या, त्यांनी मनात सुरुवात केली, तुझ्या अगाध दयेच्या... आणि वाक्य तिथेच राहिलं. परत सुरुवात केली. परत राहिलं. ऐकायला कोणी नसलं की शब्द पुढे सरकतच नव्हते. कान आपोआप "होय, प्रभू"ची वाट बघत होते आणि येत होता तो नुसता रंध्याचा आवाज. इतकी वर्षं आपण बोलत होतो ते नक्की काय होतं, असा विचार आला. त्यांनी सुतारभाऊंचं नाव तरी घ्यावं म्हणून प्रयत्न केला. नाव आलं. त्याच्यापुढे काही आलं नाही. नाक वाहू लागलं, ते त्यांनी बाहीला पुसलं.

"झाली?" थोड्या वेळाने सुतारभाऊंनी विचारलं.

"नाही." चष्मेवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. "येत नाही मला."

रंधा थांबला. सुतारभाऊंनी तो चौकटीवर आडवा ठेवला, पायाने भुसा थोडा बाजूला सारला आणि एक हात चष्मेवाल्यांच्या खांद्यावर टेकून हळूहळू त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर आले.

"मला पहिली ओळ पाठ व्हायला चार दिवस लागले होते," ते म्हणाले. "ती रोज परत वाचायची, काही बोलायची नाही. बसा."