बादली भरेपर्यंत

“पोराला कोण घेणार? एकानंच घ्या,” दारावरचा माणूस म्हणाला, आणि तिघांचेही हात एकदम पुढे झाले.

फिरत्या दांड्यांच्या त्या दारातून एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकत होता. टिल्लूनं आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि फारसा विचार न करता आजीच्या गळ्यात हात टाकले. आजीनं त्याला घेतलं खरं, पण तिचं लक्ष सुनेकडे होतं. सुनेचा हात अजून तसाच पुढे होता. तो मागे घेताना तिनं खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सारखा केला.

“आजीचाच दिसतोय,” दारावरचा माणूस कौतुकानं म्हणाला. नको तिथे नेमकं तोंड उघडायची काही माणसांना देणगीच असते.

टिल्लूला आज दोन वर्षं पूर्ण झाली होती. एकाच तिकिटात दोन पार्क, एक पाळण्यांचं आणि त्याला लागून पाण्याच्या खेळांचं, हा बेत सुनेचा होता. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि या एका दिवसासाठी तिनं मालकाशी वाद घालून सुट्टी घेतली होती. दोन वर्षांच्या पोराला रिकामा खोकाही दिवसभर पुरतो, हे तिलाही कळत होतं. पण त्याच्या आयुष्यातला एक दिवस तिला स्वतःच्या हातानं द्यायचा होता.

आणि हे आजीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती सकाळपासून जीव मुठीत धरून होती.

आजीनं उमेदीची सगळी वर्षं एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात घालवली होती. टिल्लू झाला आणि तिनं काम सोडलं. सून कामाला लागली तेव्हापासून दिवसभर पोर तिच्याच अंगावर. नातू म्हणजे दुधावरची साय, असं सगळेच म्हणतात. ज्याचं दूध त्यालाच साय मिळाली नाही तर काय होतं, ते कोणी सांगत नाही. संध्याकाळी सून थकून घरी यायची, दारातच हात पसरायची, आणि टिल्लू आजीचा पाय घट्ट धरून तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा. सून हसायची. पण ते हसू पाहण्यापेक्षा ती रडली असती तर बरं, असं आजीला वाटायचं.

मग आजीनं एक युक्ती काढली. जिन्यात सुनेची चप्पल वाजली की ती न्हाणीघरात जायची, कडी लावायची आणि नळाखाली बादली ठेवायची. घरात दुसरं कोणी नसलं की पोर जाईल कुठे, आईकडेच जाईल. बादली काठोकाठ भरली की नळ बंद करायचा आणि बाहेर यायचं. तेवढ्या वेळात टिल्लू आईच्या कडेवर गेलेला असायचा. हळूहळू तो स्वतःच येऊन न्हाणीच्या दारावर तळहात आपटायला लागला. आजी दार उघडून “भॉक” म्हणायची आणि तो खदखदून हसायचा. मागे उभी असलेली सूनही हसायची. आजीला वाटायचं, जमतंय.

पण परवा भांडी घासताना तिनं ऐकलं. सून आतल्या खोलीत नवऱ्याला सांगत होती, “पाळणाघर बघून आले मी. सोमवारपासून घेतील म्हणाले.”

“आई असताना पाळणाघर कशाला?” मुलानं विचारलं.

“आई आहेत म्हणूनच. तिथल्या बाईशी मला चढाओढ तरी करावी लागणार नाही.” मग ती म्हणाली, “वाढदिवस होऊ दे. बघू तेव्हा.”

आजीनं एकच ताट तीनदा घासलं. सुनेचा तिला राग आला नाही. रागवण्यासारखं तिनं काही म्हटलंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पार्कमध्ये तर सगळं उलटंच घडत गेलं. अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस हात हलवत आला आणि टिल्लू किंचाळून आजीच्या मानेत शिरला. छोट्या घोड्यावर आई शेजारी उभी राहिली तर तो “आजी, आजी” करून रडला. फोटोसाठी सुनेनं त्याला मांडीवर घेतलं, तर फोटोत सून आली, टिल्लूचा पार्श्वभाग आला आणि आजीकडे धावणारे दोन पाय आले.

टिल्लूचा बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्यामुळे त्याचं वेगळंच चाललं होतं. प्रत्येक पाळण्यापाशी तो कान लावून उभा राहायचा. “हे बेअरिंग सुकं आहे, नको. ह्याचा पट्टा जुना आहे, नको.”

“मग आपण आलोय कशाला? आवाज ऐकायला?” सून म्हणाली.

“तू दिवसभर एक्सपायरीच्या तारखा बघतेस, मी बेअरिंग बघतो,” तो म्हणाला. एरवी ती हसली असती.

दोन पार्कांच्या मधल्या चौकात छोट्यांची आगगाडी होती. चालायच्या वेगानं जाणारी, बिनधोक. तिच्यात मात्र बापालाही खोड सापडली नाही. एका डब्यात एक मूल आणि एक मोठं माणूस. रांगेत उभं राहिल्यावर सुनेनं टिल्लूला कडेवर घेतलं आणि आजीकडे न बघता म्हणाली, “आई, ह्या गाडीत मी बसते त्याच्याबरोबर.”

“बस की. तूच बस,” आजी म्हणाली. “मी जरा जाऊन येते.”

मुलगा पाणी आणायला गेला होता. आजी पटकन वळली, चौकाच्या टोकाच्या स्वच्छतागृहात गेली आणि कडी लावून उभी राहिली. मी दिसलेच नाही तर तो बसेल. आईला बिलगून बसेल, फोटो निघेल, आणि सोमवारचं सोमवारी बघू. बाहेर गाडीची शिट्टी वाजली. घरी असती तर बादलीनं तिला वेळ सांगितली असती. इथे बादलीच नव्हती. एक फेरी होऊ दे, आणखी एक होऊ दे, असं करत ती त्या अरुंद जागेत, रडू येतंय का काय ते न कळून, बराच वेळ उभी राहिली.

ती बाहेर आली तेव्हा सून बाकावर एकटी बसली होती. तिचे डोळे लाल होते.

“कुठाय?” आजीनं विचारलं.

“कुठाय म्हणजे? तुमच्याकडे.” सून उठली. “तुमच्याच मागे पळाला की. तुम्ही दिसेनाशा झालात तसा त्यानं आकांत मांडला. मला चावला. मी खाली ठेवला त्याला. म्हटलं जा, जा तुझ्या आजीकडे.” बोलता बोलता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. “तुम्ही घेतला नाहीत त्याला?”

आजीनं चौकभर नजर फिरवली. चौकाच्या एका अंगाला पाळण्यांचं पार्क होतं, दुसऱ्या अंगाला दोरी बांधलेलं उघडं फाटक, आणि त्या फाटकापलीकडे पाणी होतं. निळं, उथळ, पोरांच्या कंबरेइतकं. टिल्लूच्या कंबरेइतकं नव्हे.

मुलगा पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, त्याला कळलं आणि बाटल्या तिथेच टाकून तो फाटकाकडे धावला. सून समोरच्या चौकशी खिडकीशी गेली. आतल्या मुलीनं माइक हातात घेत विचारलं, “कपडे कसे आहेत?”

“निळा शर्ट,” सून म्हणाली.

“पिवळा,” आजी म्हणाली. “सकाळी तू घातलेल्या निळ्यावर येताना गाडीत दूध सांडलं. मी बदलला. पिवळा शर्ट, त्यावर हत्ती.”

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. स्वतःच्या मुलाच्या शर्टाचा रंग चुकलेली आई कशी बघते, ते आजीनं तेवढ्या क्षणात पाहिलं. पण मन राखत बसायला वेळ नव्हता. भोंग्यातून पिवळ्या शर्टाची घोषणा सुरू झाली. चौकातल्या प्रत्येक पोराच्या अंगावर पिवळं काहीतरी होतंच.

“कुठे जाईल तो?” सून म्हणत होती. “अस्वलाला घाबरतो, तिकडे नाही जाणार. कुठे जाईल?”

“दार शोधेल,” आजी म्हणाली.

“काय?”

आता सांगावंच लागणार होतं. “तू कामावरून येतेस ना, तेव्हा मी मुद्दाम आत जाते. मला काही काम नसतं न्हाणीत. तो तुझ्याकडे यावा म्हणून जाते. आज पण म्हणूनच गेले.” तिची नजर फाटकाकडे गेली. “त्याला तो खेळ वाटतो. तू त्याला उचललंस की आजी कुठल्यातरी दारामागे असते, एवढंच ठाऊक आहे त्याला. तो बंद दारं शोधत असेल.”

“रोज?” सुनेनं विचारलं.

“रोज.”

सुनेच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं, ते नीट बघायचा आजीला धीर झाला नाही. खिडकीतल्या मुलीकडे वळून सुनेनं विचारलं, “पुष्कळ दारं कुठे आहेत? बंद दारं?”

“पाण्याच्या पार्कात. कपडे बदलायच्या खोल्या,” मुलगी म्हणाली.

दोघी दोरीखालून वाकून पळाल्या. आजी इतकी पळेल असं तिला स्वतःलाही वाटलं नसतं. मुलगा गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेका पोराचं तोंड बघत होता. त्याला हाक मारायलाही त्या थांबल्या नाहीत. तळ्याला वळसा घालून मागे गेल्या, तर निळ्या दारांची लांब रांग होती, आणि रांगेच्या मधोमध पिवळा शर्ट.

टिल्लू एकेका दारावर तळहात आपटत पुढे सरकत होता. आतून कोणी बाई वैतागून म्हणत होती, “आहे आहे, माणूस आहे आत.” तो पुढच्या दारापाशी जायचा, कान लावल्यासारखा थांबायचा, पुन्हा आपटायचा. एका पायातला बूट गेला होता. गालांवर रडून झाल्याचे ओघळ होते, आणि आता तो रडत नव्हता, काम करत होता. “आजी,” तो दाराला म्हणत होता, “आजी, भॉक.”

आजीच्या तोंडून हाक निघणारच होती. ती तिनं दातांत धरली.

सुनेनं तिच्या दंडाला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ती भिंतीच्या कडेकडेनं, टिल्लूच्या पाठीमागून पुढे गेली, रांगेतल्या एका रिकाम्या खोलीत शिरली आणि तिनं आतून दार लोटलं.

टिल्लू त्या दारापाशी पोचला. हात आपटला.

दार उघडलं. “भॉक,” सून म्हणाली. आवाज फुटला होता तिचा.

टिल्लू बघतच राहिला. इथे दुसरंच कोणीतरी निघालं होतं. त्यानं वाकून तिच्या मागे पाहिलं, खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं, वर पाहिलं. पुन्हा आईकडे पाहिलं. आजी भिंतीला टेकून उभी होती. त्यानं मान जरा वळवली असती तरी ती त्याला दिसली असती.

त्यानं मान वळवली नाही. त्यानं दोन्ही हातांनी ते दार ढकलून लावून घेतलं आणि पुन्हा आपटलं.

“भॉक.”

या खेपेला तो हसला. तिसऱ्या खेपेला सून खाली बसली, त्याला पोटाशी धरून हमसून हमसून रडली, आणि तो तिच्या पाठीवर दारावर आपटावा तसाच हात आपटत राहिला.

मुलगा ओल्या पँटनं धावत आला. काय झालं, कसं झालं, ते त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं नुसतं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक बूट शोधायला निघून गेला. यंत्रांत रमणाऱ्या माणसाला अशा वेळी काहीतरी हातात हवं असतं.

परत निघताना ऊन कललं होतं. बाहेरच्या फाटकाकडे जायचा रस्ता लांब होता आणि चढाचा होता. टिल्लू आईच्या खांद्यावर होता. सून म्हणाली, “आई, उद्यापासून मी आले की आत जाऊ नका. रडला तर रडू दे. माझ्यासमोर रडू दे.”

“बरं.”

“आणि पाळणाघराला मी नाही म्हणून कळवते.”

“बरं,” आजी पुन्हा म्हणाली. तिला हवं होतं ते सगळं, एकदमच, तिच्या पदरात पडलं होतं. थोडं अंतर चालल्यावर तिनं हात पुढे केले. “दे इकडे. चढ आहे, हात भरून आले असतील तुझे.”

“नाही, राहू दे,” सून म्हणाली.

“मग पिशवी तरी दे.”

सुनेनं पिशवी दिली. आजी ती खांद्याला अडकवून दोन पावलं मागून चालायला लागली. सुनेच्या खांद्यावरून टिल्लूचं तोंड तिच्याचकडे होतं. डोळे झोपेनं जड झाले होते, पण उघडे होते, आणि तो तिच्याकडे एकटक बघत होता. आता ती नुसती हसली असती तरी त्यानं दोन्ही हात पसरले असते, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं नजर खाली वळवली आणि रस्त्यावरचे दगड बघत ती चालत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं वर पाहिलं तेव्हा तो झोपला होता.