न पाहता उमटलेला शिक्का

मी शिक्का बोलतोय, मिनेसोटातले वास्तुविशारद हार्लन व्हेटर यांचा. खरं तर बोलायला मला तोंड उरलेलं नाही, पण गप्प बसणंही आता सोसत नाही.

एकोणीसशे अडतीस साली साहेबांना परवाना मिळाला, त्याच आठवड्यात मी त्यांच्या हाती आलो. पितळेचा, गोल, कडेने त्यांचं नाव. माझ्या जबड्यात नकाशा धरून दाबला की ती अक्षरं कागदावर उठत. नियम एकच होता: जे स्वतः तपासलं, त्यावरच मला दाबायचं. साहेब पहिली कित्येक वर्षं रेघन् रेघ बघत. पुढे नाव झालं, सत्कार सुरू झाले आणि बघायचं काम मागे पडलं. मला त्या सत्कारांचा अभिमानच वाटे, हे कबूल करतो.

अल्स्टाड गावच्या वाचनालयाचे नकाशे साहेबांच्या कचेरीतल्या इन्गा सॉरेनसेनने काढले. पोरगी हुशार, परवान्याच्या परीक्षेची तयारी करत होती. उंच भिंतीलगत सपाट छप्पर हवं, हा हट्ट मात्र साहेबांचा. वाऱ्याने बर्फ त्या भिंतीशी साचेल, तुळया जाड करू या, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. साहेब कोट चढवत होते, त्यांच्या मानाचं जेवण होतं.

"तू फार काळजी करतेस, इन्गा," म्हणाले आणि उभ्या उभ्या मला दाबलं.

वाचनालय बांधून झालं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने छप्पर खाली आलं. आत एकटे म्हातारे रखवालदार निल्स बक्केन होते. त्यांचा पाय गेला.

परवाना मंडळापुढे साहेबांनी बोट इन्गाकडे दाखवलं. नकाशा तिचा, म्हणून चूक तिची. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. परीक्षा तिथेच बुडणार होती. टेबलावर मी होतो, शेजारी माझा ठसा असलेला कागद होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून निल्स कुबड्या सावरत उठले.

"पाय काही मी परत मागत नाही, व्हेटरसाहेब. एवढंच सांगा, या पोरीनं बर्फाचं तुमच्या कानावर घातलं होतं की नाही?"

साहेबांनी ठशाचा कागद स्वतःकडे ओढला.

"घातलं होतं. दोनदा. मी नकाशा पाहिलाच नाही."

परवाना रद्द झाला. माझ्या तोंडावरून कानस फिरली, आणि तेव्हापासून मी मंडळाच्या कपाटात पडून आहे. इन्गा पास झाली, असं इथल्या कारकुनांच्या बोलण्यातून कळलं. बरं वाटलं, पण शरम गेली नाही. बावीस वर्षं मी त्या मुठीत होतो. निल्स उठले नसते, तर साहेब बोलले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ज्यांच्या हाती शिक्का आहे, त्यांना माझी विनवणी आहे. दाबण्याआधी बघा. आणि चुकलातच, तर पाय गेलेल्या माणसाला उठून विचारायला लावू नका.